बाखची बी मायनर मिस्सा ध्वनिमुद्रणातून ऐकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाखच्या (१६८५–१७५०) बी मायनर मिस्सेबद्दल वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. आपल्याकडे ही रचना सभागृहात क्वचितच होते, त्यामुळे बहुतेकांची तिच्याशी ओळख ध्वनिमुद्रणातूनच होते. त्यात काही कमीपणा नाही. एका ऐकण्यात हाती लागणारी ही रचनाच नव्हे, आणि ध्वनिमुद्रण हवं तितक्या वेळा मागे नेता येतं. सोपे प्रश्न आधी आहेत, अडचणीचे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. मिस्सा म्हणजे प्रार्थना की संगीताचा प्रकार?

दोन्ही. मिस्सा ही कॅथलिक पंथाची मुख्य उपासना. वसईत किंवा गोव्यात ज्यांचं येणंजाणं आहे त्यांच्या कानावर हा शब्द असतोच. या उपासनेतल्या काही प्रार्थना दिवसाप्रमाणे बदलतात, पण पाच मजकूर कायम असतात: किरिये (प्रभू, दया कर), ग्लोरिया (देवाचं स्तवन), क्रेदो (श्रद्धेची कबुली), सांक्तुस (पवित्र, पवित्र, पवित्र) आणि आग्नुस देई (देवाच्या कोकरा, आम्हाला शांती दे). किरियेचे शब्द ग्रीक आहेत, बाकीचे लॅटिन. युरोपातल्या संगीतकारांनी शतकानुशतकं याच पाच मजकुरांवर रचना केल्या, म्हणून संगीताच्या संदर्भात 'मिस्सा' म्हटलं की ही पाच भागांची रचना समजायची.

२. बाखनं ही कधी आणि कशासाठी लिहिली?

ती एका बैठकीत लिहिलेली नाही. सांक्तुस १७२४ च्या नाताळसाठी लाइपझिगमध्ये रचला गेला. १७३३ च्या फेब्रुवारीत सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्ट वारला, दुखवट्यामुळे लाइपझिगच्या चर्चमधलं संगीत काही महिने थांबलं आणि बाखला मोकळा वेळ मिळाला. त्या काळात त्यानं किरिये आणि ग्लोरिया लिहून जुलैमध्ये सॅक्सनीच्या राजधानीत, ड्रेस्डेनला, नव्या शासकाकडे पाठवले, सोबत दरबारी पदवीचा अर्ज. पदवी मिळायला १७३६ उजाडलं. उरलेले भाग त्यानं आयुष्याच्या शेवटी, १७४८–४९ च्या सुमारास, जोडून पूर्ण केले. तेव्हा त्याची दृष्टी जात चालली होती, अक्षर थरथरत होतं. कुणी मागणी केल्याचं ठाऊक नाही, आणि संपूर्ण रचना त्यानं हयातीत ऐकल्याचाही पुरावा नाही. त्याचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल यानं १७८६ मध्ये हॅम्बुर्गला क्रेदो सादर केला. संपूर्ण मिस्सा एकत्र ऐकायला मिळायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उलटावा लागला.

'बी मायनर' हे नाव बाखनं दिलेलं नाही. पहिला किरिये बी मायनरमध्ये (बी स्वरावरच्या, गंभीर रंगाच्या मायनर स्वरपंक्तीत) आहे म्हणून ते रूढ झालं. ट्रंपेट आणि टिंपनी (मोठे नगारे) गाजतात ते बहुतेक भाग डी मेजरमध्ये (उजळ रंगाच्या मेजर स्वरपंक्तीत) आहेत.

३. बाख तर प्रोटेस्टंट. मग कॅथलिक मिस्सा कशी?

लाइपझिगच्या ल्यूथरन चर्चमध्येही किरिये आणि ग्लोरिया लॅटिनमध्ये गायले जात, म्हणून १७३३ चे दोन भाग दोन्ही पंथांना चालणारे होते. ड्रेस्डेनचं राजघराणं मात्र पोलंडच्या गादीसाठी कॅथलिक झालेलं होतं. संपूर्ण पाच भागांची मिस्सा ल्यूथरन उपासनेत बसत नाही, आणि एवढी लांब रचना कॅथलिक उपासनेतही बसणं कठीण. शेवटच्या वर्षांत बाख आपली विद्या मोठमोठ्या ग्रंथांसारख्या रचनांत मांडून ठेवत होता. ही मिस्सा त्यांच्यातलीच एक, असं मी मानतो.

४. एवढी लांब रचना एका बैठकीत ऐकायची का? सुरुवात कुठून करू?

सादरीकरणाच्या लयीनुसार ती पावणेदोन ते सव्वादोन तास चालते. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं पहिल्या ट्रॅकपासून सुरू करून शेवटपर्यंत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्ध्या तासात कान थकतो, आणि रचनेतला सगळ्यात समृद्ध भाग त्यानंतर येतो.

क्रेदोच्या मध्यातून सुरू करा: 'एत इन्कार्नातुस', 'क्रुसिफिक्सुस', 'एत रेसुर्रेक्सित'. हे तीन भाग मिळून दहाबारा मिनिटांचे. जन्म, क्रूसावरचा मृत्यू, पुनरुत्थान. आठवडाभर एवढंच ऐका. नंतर सांक्तुस, मग पहिला किरिये. संपूर्ण मिस्सेची बैठक त्यानंतर, आणि तीही ग्लोरिया संपल्यावर थोडं थांबून.

५. लॅटिन येत नाही. शब्द समजायलाच हवेत का?

हवेत, आणि ते अवघड नाही. पाचही मजकूर मिळून दोनेक पानांत मावतात आणि ओळी सारख्या परत येतात. एका कागदावर मूळ शब्द देवनागरीत आणि शेजारी अर्थ, एवढं हाताशी ठेवा. बाख शब्दांना धरूनच रचना करतो. 'एत सेपुल्तुस एस्त' (आणि पुरला गेला) या शब्दांवर सगळे आवाज खाली उतरत जातात. अर्थ माहीत नसेल तर तो उतार नुसता उतार राहतो.

उच्चारांवरून गोंधळू नका. काही ध्वनिमुद्रणांत 'चेली' ऐकू येतं, काहींत 'त्सेली'. कुठे 'आन्युस', कुठे 'आग्नुस'. पहिले उच्चार इटालियन वळणाचे, दुसरे जर्मन वळणाचे. बाखच्या गायकांनी जर्मन वळणाचेच केले असणार.

६. मी हिंदुस्थानी संगीत ऐकतो. इथे राग शोधायला जातो आणि काहीच सापडत नाही. कान कुठे लावायचा?

तळाला. आपल्याकडे तानपुऱ्याचा सा अढळ असतो आणि गाणारा त्याच्याशी नातं जोडत, मोडत, पुन्हा जोडत जातो. इथे तळच चालतो. चेलो, डबल बास आणि ऑर्गन मिळून जी खालची ओळ वाजवतात (तिला कंटिन्युओ म्हणतात) ती क्षणाक्षणाला जागा बदलते, आणि वरचा तोच स्वर खालची जागा बदलली की वेगळा अर्थ घेतो. वरच्या सुरावटीच्या मागे धावणं आपल्या कानाची सवय आहे. ती काही दिवस बाजूला ठेवून फक्त तळ ऐका.

सरावासाठी क्रेदोचा पहिलाच भाग घ्या. खाली बास एकसारख्या पावलांनी चालत राहतो, कुठेच थांबत नाही. वर ग्रेगोरियन गायनातली (चर्चच्या प्राचीन, एकाच ओळीच्या गायनातली) जुनी धून एकेक आवाज उचलत जातो. पाच आवाज झाले की दोन व्हायोलिन तीच धून घेतात, म्हणजे सात ओळी. त्या चालत्या बासवर कान ठेवला तर या सात ओळी आपापल्या जागी बसलेल्या ऐकू येतात.

७. सगळे एकदम गातात आणि मला नुसता गलबला ऐकू येतो. आवाज वेगळे कसे काढू?

पहिल्या किरियेवर सराव करा. सुरुवातीला चारच मात्रागटांची हाक आहे, सगळे आवाज आणि वाद्यं मिळून. मग गायक थांबतात आणि वाद्यं बराच वेळ तीच कळवळ्याची धून उलगडतात. ही धून गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

त्यानंतर आवाज एकेक करून येतात. आधी टेनर (पुरुषांचा उंच आवाज), मग अल्टो (वरच्या आवाजांतला खालचा), मग पहिला सोप्रानो (सगळ्यांत उंच आवाज), दुसरा सोप्रानो, आणि सगळ्यांत शेवटी बास (पुरुषांचा खर्ज आवाज). प्रत्येक जण तीच धून घेऊन शिरतो आणि आधीचे गप्प न होता दुसरं काही गात राहतात. या रचनापद्धतीला फ्यूग म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना फक्त प्रवेश मोजा. दुसऱ्यांदा एकच आवाज धरा, शक्यतो अल्टो, कारण तो मध्ये दबलेला असतो आणि त्याला शोधताना बाकीचे आपोआप वेगळे होतात. बासचा प्रवेश लागेल तेव्हा पायाखालची जमीन भरीव झाल्यासारखं वाटतं. बाखनं आपल्याला त्याची मुद्दाम वाट पाहायला लावलेली असते.

मोजके गायक असलेलं ध्वनिमुद्रण या सरावाला जास्त बरं (प्रश्न १० पाहा).

८. 'क्रुसिफिक्सुस'चं इतकं कौतुक का?

तीनचार मिनिटांचा हा भाग नीट ऐकलात तर बाकीच्या मिस्सेचं दार उघडतं, म्हणून त्यावर जरा थांबतो.

ई मायनर. बासमध्ये चार मात्रागटांचा एक तुकडा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प असा अर्ध्या अर्ध्या स्वरानं उतरतो आणि परत सा वर येतो. प्रत्येक स्वर ठोक्यासारखा पुन्हा पुन्हा वाजतो. हा तुकडा तेरा वेळा येतो. पहिल्या वेळी फक्त वाद्यं. मग चार आवाज 'क्रुसिफिक्सुस' हा शब्द एकमेकांच्या पाठोपाठ टाकतात, प्रत्येकाचा स्वर शेजारच्याशी घासणारा. बासरी आणि व्हायोलिन वरून आळीपाळीनं छोटे उसासे सोडतात. खाली तोच उतार, वर दर वेळी नवी स्वरसंगती. बारा वेळा ही वाट कुठेच सुटत नाही.

तेराव्या वेळी बासरी आणि व्हायोलिन गप्प होतात. उरतात फक्त आवाज आणि बास. 'पुरला गेला' हे शब्द खालच्या पट्टीत, हळू. आणि नेमकं इथे बास ठरलेली वाट सोडतो. ई मायनरला परतायच्या जागी तो जी मेजरवर जाऊन टेकतो. ज्या शब्दांवर सगळं संपायला हवं तिथे सूर उजळतो. पुढच्याच क्षणी डी मेजरमध्ये ट्रंपेट, टिंपनी आणि पाच आवाज 'एत रेसुर्रेक्सित' म्हणून उसळतात. ध्वनिमुद्रण चांगलं असेल तर या दोन भागांमधली शांतताही जपलेली असते. जिथे ती घाईनं कापली आहे तिथे मला राग येतो.

९. 'क्रुसिफिक्सुस' जुन्याच रचनेवरून घेतला आहे असं वाचलं. मग यात नवं काय?

खरं आहे. तो १७१४ च्या एका कॅन्टाटामधून, म्हणजे चर्चसाठी गायक आणि वाद्यं मिळून केलेल्या रचनेतून, (बाख-सूचीतला क्रमांक १२) आला आहे. 'ग्रातियास', 'क्वी तोल्लिस', 'ओसान्ना', 'आग्नुस देई' यांचीही मुळं आधीच्या रचनांत आहेत. त्या काळी याला चोरी कुणी म्हणत नसे. कॅन्टाटा वर्षातल्या ठरावीक रविवारसाठी असे आणि तो दिवस गेला की बाजूला पडे; मिस्सेचा मजकूर मात्र कायमचा. आपलं सर्वोत्तम काम बाखनं टिकणाऱ्या जागी हलवलं.

आणि हलवताना ते तसंच ठेवलं नाही. मूळ रचनेत उतरत्या बासचे बारा फेरे होते; सुरुवातीची वाद्यांची फेरी त्यानं जोडली आणि शेवटचं जी मेजरचं वळण इथेच आलं. दोन्ही एकापाठोपाठ ऐका.

एक उसनवारी मिस्सेच्या आतलीच आहे. ग्लोरियातल्या 'ग्रातियास आजिमुस तिबी' (आम्ही तुझे आभार मानतो) याचंच संगीत अगदी शेवटी 'दोना नोबिस पाचेम' (आम्हाला शांती दे) या शब्दांना दिलं आहे. मागणं आणि आभार एकाच सुरात.

१०. एका ध्वनिमुद्रणात प्रचंड कोरस आहे, दुसऱ्यात जेमतेम आठदहा गायक. बरोबर कोण?

हा वाद चाळीसहून अधिक वर्षं चालू आहे. १९८१ मध्ये अमेरिकी संगीतज्ञ जोशुआ रिफ्किन यांनी मांडलं की बाखच्या कोरसमध्ये बहुतेक वेळा एका ओळीला एकच गायक असे. त्यांचा आधार हस्तलिखित पानांचा: गायकांसाठी उतरवलेल्या प्रती इतक्या थोड्या आहेत की त्यावरून मोठा कोरस गात असेल असं वाटत नाही. १९८२ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रणात मिस्सा तशीच गायली आहे. विरोधकांचं म्हणणं असं की एका प्रतीवरून दोघेतिघे गाऊ शकतात, आणि १७३० साली बाखनंच नगरपालिकेला दिलेल्या निवेदनात प्रत्येक आवाजाला किमान तीन गायक मागितले होते.

ऐकणाऱ्यासाठी फरक साधा आहे. मोजक्या गायकांत ओळी स्वच्छ दिसतात. मोठ्या कोरसमध्ये सांक्तुससारख्या भागाचं वजन मिळतं. सहा आवाज वर लाटांसारखे येत असताना खाली बास सप्तकाच्या उड्या टाकत चालतो, ते मला मोठ्या कोरसमध्येच ऐकायला आवडतं.

११. मग नेमकं कोणतं ध्वनिमुद्रण घेऊ?

एकच घ्यायचं तर जॉन एलियट गार्डिनर यांचं १९८५ चं. लय चपळ, उच्चार स्पष्ट, कोरस मध्यम. 'आग्नुस देई' मायकल चान्स यांनी गायलं आहे.

जुन्या पद्धतीचं हवं असेल तर कार्ल रिख्टर यांचं १९६१ चं. मोठा कोरस, आधुनिक वाद्यं, आणि प्रत्येक सुरामागे श्रद्धेची धग. ओटो क्लेम्परर यांचं १९६७ चं फार संथ आहे. पहिल्या ओळखीसाठी मी ते सुचवणार नाही, पण किरियेचा भार तिथे जसा जाणवतो तसा दुसरीकडे क्वचितच. जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर संपूर्ण मिस्सा पहिल्यांदा निकोलाउस हार्नोनकूर यांनी १९६८ मध्ये मुद्रित केली. त्यात कोरसमधले सोप्रानो आणि अल्टो मुलगे गातात. मासाआकी सुझुकी यांचं जपानमधलं २००७ चं ध्वनिमुद्रण मी मित्रांना सगळ्यांत जास्त वेळा दिलं आहे. कोबे इथल्या एका चॅपेलमध्ये ते मुद्रित झालं आणि तिथली घुमणी ओळी पुसत नाही.

दोन वेगळ्या स्वभावांची ध्वनिमुद्रणं जवळ ठेवा आणि एकच भाग दोन्हींत ऐका. आवड त्यातूनच घडते.

१२. 'आग्नुस देई' एका ठिकाणी बाई गाते, दुसऱ्या ठिकाणी पुरुष त्याच उंचीवर. असं का?

ती अल्टो आवाजाची ओळ आहे. लाइपझिगच्या चर्चमध्ये बायका गात नसत. वरचे आवाज मुलगे किंवा फाल्सेटोत, म्हणजे मुद्दाम काढलेल्या उंच आवाजात, गाणारे तरुण गात. आज काही जण काउंटरटेनर म्हणजे उंच पट्टीत गाणारा पुरुष घेतात, काही जण स्त्रीगायिका. काउंटरटेनरचा सूर सरळ आणि थोडा दूरचा वाटतो. अल्टो गायिकेत देहाची ऊब असते. क्लेम्परर यांच्या ध्वनिमुद्रणात जॅनेट बेकर ऐका, मग चान्स. कॅथलीन फेरियर यांनी हे गाणं १९५२ मध्ये वेगळं मुद्रित केलं, तेही जरूर शोधा.

१३. मी हार्मोनियमवर सूर जुळवून पाहिला. काही ध्वनिमुद्रणं अर्धा स्वर खाली का?

आधुनिक वाद्यवृंद मधला ए ४४० कंपनांच्या आसपास लावतो, जुन्या वाद्यांवर वाजवणारे ४१५ वर. म्हणून गार्डिनर किंवा सुझुकी यांचा बी मायनर तुमच्या पेटीवर पांढरी सातऐवजी काळी पाचच्या जवळ लागेल. पेटी ठीक आहे, ध्वनिमुद्रणही. खालच्या पट्टीत सोप्रानोंवर ताण कमी येतो.

१४. मोबाइलवर ऐकलं तर चालेल का? ट्रॅकच्या मध्ये तुकडा का पडतो?

मोबाइल चालेल, त्याचा स्पीकर नाही. प्रश्न ६ मध्ये सांगितलेला तळ त्यातून ऐकूच येत नाही. साधे वायरचे हेडफोनही पुरेसे.

दोन सेटिंग बघा. एक, ट्रॅक एकमेकांत विरघळवणारी किंवा मध्ये जागा सोडणारी सोय बंद करा. ग्लोरियातलं 'क्वोनियाम' थेट 'कुम सांक्तो स्पिरितू'मध्ये उडी घेतं: एकटा बास गायक, शिकारी हॉर्न, दोन बासून (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य), आणि तिथूनच सगळा कोरस. 'कॉन्फितेओर'च्या अखेरीस लय मंदावते, सूर अनोळखी जागी भटकतात आणि अचानक 'एत एक्स्पेक्तो'चा प्रकाश पडतो. या सांध्यांत अर्ध्या सेकंदाचीही पोकळी नको. दोन, आवाजाची पातळी सारखी करणारी सोय बंद करा. नाहीतर 'क्रुसिफिक्सुस'चा शेवट आणि 'एत रेसुर्रेक्सित' सारख्याच मोठ्यानं ऐकू येतील आणि आठव्या उत्तरातलं सगळं वाया जाईल.

१५. गोव्यातल्या चर्चमध्ये हे ऐकायला मिळेल का?

रविवारच्या मिस्सेत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) लॅटिन मिस्सा जगभर चाले, गोव्यातही. तिथल्या पॅरिश शाळांतून मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि कोरसगायन शिकवलं जाई आणि त्यातूनच पुढे मुंबईच्या सिनेसंगीताला कित्येक वादक मिळाले. परिषदेनंतर गोव्यात कोंकणी आली, वसईत मराठी. पण गोव्यातल्या किंवा वसईतल्या जुन्या पिढीला किरिये, ग्लोरियाचे लॅटिन शब्द अजून पाठ असतात. ओळखीत कुणी असेल तर प्रश्न ५ मधला कागद त्यांच्या शेजारी बसून करा.

१६. मी ख्रिस्ती नाही, श्रद्धाळूही नाही. मला हे कितपत भिडेल?

अभंग भिडायला वारकरी असावं लागत नाही. शब्दांचा अर्थ मनावर घ्या, एवढं पुरे.

१७. माझ्याकडच्या दोन ध्वनिमुद्रणांत ट्रॅकची संख्या वेगळी आहे, आणि 'बेनेदिक्तुस'मध्ये एकीकडे बासरी, दुसरीकडे व्हायोलिन. भाग गाळलाय का?

गाळलेला नसतो. 'ग्लोरिया इन एक्सेल्सिस' आणि 'एत इन तेर्रा पाक्स' काही जण एकच धरतात, काही जण दोन, 'कॉन्फितेओर'चंही तसंच. एकूण वेळ आणि शब्द जुळत असतील तर रचना पूर्ण आहे.

'बेनेदिक्तुस'साठी कोणतं वाद्य हे बाखनं लिहिलेलंच नाही. छापील आवृत्तीत पूर्वी व्हायोलिन दिलं गेलं. ओळीचा पल्ला आणि वळण पाहून आज बहुतेक जण बासरी घेतात, आणि टेनरच्या जोडीला मलाही तीच पटते.

शब्द न जुळण्याची एक जागा मात्र आहे. 'एत इन उनुम' या युगुलगीतात बाखनं आधी 'एत इन्कार्नातुस'चे शब्दही घातले होते. नंतर त्या शब्दांसाठी त्यानं वेगळा कोरस लिहून हस्तलिखितात स्वतंत्र पान घातलं आणि युगुलगीताची शब्दयोजना नव्यानं केली. एखाद्या ध्वनिमुद्रणात युगुलगीतातच 'एत इन्कार्नातुस' ऐकू आलं तर गायकांनी पहिला पाठ निवडला आहे. तसंच 'दोमिने देउस'मध्ये बासरीची जोडस्वरं कुठे सम चालतात, कुठे पहिला स्वर आखूड आणि दुसरा लांब असा झोका घेतात. तो झोका १७३३ साली ड्रेस्डेनला पाठवलेल्या वादकांच्या प्रतींत आहे, मुख्य हस्तलिखितात नाही.